देवाजीने भरलेली बॅग

देवाजी गजभियेने भरलेली पेटी कलकत्त्याला जाऊन उघडली तरी आत एक संत्रं दबलेलं सापडायचं नाही, असं नागपूरच्या संत्रा मार्केटात सगळे सांगत. यात थोडं कौतुक होतं आणि थोडी अडत्यांची लाडीगोडी, कारण माल तुंबला की त्यांना देवाजीच लागायचा. पण माणूस खरंच हाताचा पक्का होता. खाली तणस, मग घट्ट सालीची फळं, वर नाजूक, मध्ये कुठे बोटभर जागा राहू द्यायची नाही. बोलणं कमी, आणि बोललाच तर ते पेटीबद्दल. अशा माणसावर अठ्ठ्याहत्तर सालच्या डिसेंबरात बाळंतिणीची बॅग भरायची वेळ आली.

त्याची एकुलती एक लेक जयवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माहेर म्हणजे नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या दोन खोल्या आणि देवाजी. जयवंताची आई कौसल्या दुसऱ्या बाळंतपणात गेली आणि तिच्याबरोबर पोटातलं लेकरूही गेलं. जयवंता तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हती. दुसरं लग्न कर म्हणून नातेवाइकांनी देवाजीच्या दाराचे उंबरे झिजवले. त्याने कोणाला नाही म्हटलं नाही आणि लग्नही केलं नाही. तो पोरीची वेणी घालायला शिकला. ती बरेच दिवस वाकडीच पडायची. पोर वयात आली तेव्हा मार्केटात फळं निवडणाऱ्या सिंधूताईंपुढे जाऊन उभा राहिला, पाठ फिरवली, आणि भिंतीकडे पाहत म्हणाला की घरी येऊन पोरीला जे काय सांगायचं असेल ते सांगून जा. सिंधूताई ही गोष्ट अजून सांगायच्या आणि हसून हसून डोळे पुसायच्या.

जयवंताचे दिवस भरत आले तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की मूल आडवं आहे, वळायची चिन्हं नाहीत, तेव्हा कळांची वाट पाहायची नाही, ऑपरेशन करूनच काढू. त्यांनी गुरुवार दिला. बाई चांगल्या होत्या, घाबरायचं काही नाही असं दोनदा म्हणाल्या. देवाजीने मान हलवली, आणि फाटकाबाहेर आल्यावर आपण सायकल कुठे लावली हेच त्याला आठवेना. लेक आत जाईल आणि परत येणार नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं. त्याने हे कोणाला सांगितलं नाही. सांगायला घरात होतं कोण? जयवंताच, आणि तिला सांगायचं नव्हतं.

त्यात वाडीहून, जयवंताच्या सासरहून, विहीणबाई कुसुमताईंचा निरोप आला. कुसुमताईंचं म्हणणं, घरात बाईमाणूस नाही, टाके पडलेल्या पोरीचं कोण करणार? बुधवारी मी येते, तयारी पाहते, आणि मनासारखी नसली तर दवाखान्यातून तिला सरळ वाडीला नेते. कुसुमताई वाईट नव्हत्या. पुरुषांच्या अकलेवर त्यांचा विश्वास नव्हता, इतकंच. एक नवरा आणि तीन पोरगे सांभाळलेल्या बाईचा तो कसा राहील?

देवाजी कामाला लागला. मार्केटात निवडणाऱ्या बायांना त्याने विचारलं, आणि विचारताना नजर पेटीतून वर काढली नाही. बायांना तर असा विषय हवाच होता. एक म्हणाली समोरून उघडणारी पोलकी घ्या, दुसरी म्हणाली परकराची नाडी सैल पाहिजे, टाक्यांवर काचते. तिसरीने पोट बांधायच्या पट्ट्याचं सांगितलं. सिंधूताईंनी उरलेलं सांगितलं, जे देवाजीच्या तोंडून कधीच निघालं नसतं. तो त्याला पुढे कायम ‘ते कापडं’ एवढंच म्हणाला. त्याने जुनी सुती लुगडी मागून आणली, सोड्यात उकळली, उन्हात कडक वाळवली आणि फाडून सारख्या घड्या घातल्या. पट्टा स्वतःच शिवला. घरात सुई नव्हती असं नाही, पण हात बसलेला दाभणावर, त्यामुळे टाके पोत्याला घालतात तसे आले. ते पोरीला टोचतील म्हणून त्याने आतून मऊ कापड लावलं.

सीताबर्डीच्या बाजारातून रेक्झिनची निळी बॅग आणली आणि भरायला बसला. भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. ऑपरेशन झालेल्या पोरीला वाकता येणार नाही, उठून शोधता येणार नाही, म्हणून आधी लागेल ते वर आणि मागून लागेल ते खाली. शेजारचा थर्मास, ताटली-वाटी, खोबरेल तेल, कंगवा, साबण, लोकरीचे मोजे, शाल. जयवंता भिंतीला टेकून पोटावर हात ठेवून हे सगळं पाहत होती.

“बाबा, मी पोट्टी हाओ का संत्रा?” ती म्हणाली. “मले कलकत्त्याले धाडून राहिले का?”

देवाजी किती दिवसांनी हसला. मग पुन्हा बॅगेत डोकं घातलं.

बुधवारी दुपारी कुसुमताई आल्या. जयभीम झाला, पाणी झालं, चहा झाला. जयवंता मागच्या अंगणात उन्हाला पडली होती, तिला हाक मारू नका म्हणाल्या. मग त्यांनी बॅग पुढे ओढली आणि एकेक वस्तू काढून सतरंजीवर मांडायला लागल्या. देवाजी दाराशी उभा राहिला, परीक्षेला बसवलेल्या पोरासारखा. कुसुमताईंनी कापडाच्या घड्या उलगडून वास घेतला. परकराची नाडी ओढून पाहिली. पट्टा हातात घेतला, बाहेरचे ते राक्षसी टाके पाहिले, मग आत बोट फिरवलं आणि तो बाजूला ठेवला. त्यांना चूक काढायची होती आणि ती सापडत नव्हती, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

बॅग रिकामी झाली. कुसुमताईंनी ती उलटी करून झटकली.

“लेकराचं कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

बॅगेत टोपडं नव्हतं, झबलं नव्हतं, दुपटं नव्हतं. बाळासाठी एक चिंधीसुद्धा नव्हती.

कुसुमताईंना वाटलं, आपल्याला कारण समजलं. मूल हाती येण्याआधी त्याचे कपडे काढून ठेवायचे नाहीत, नजर लागते, अपशकुन होतो, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या. हा माणूस अजून तिथेच अडकला आहे याचा त्यांना राग आला, आणि चूक सापडल्याचं थोडं समाधानही झालं. हे जुनं सगळं आपण दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं ना, असं त्यांनी त्याला चांगलं सुनावलं. उद्या लेकरू उघडं बाहेर आलं तर या थंडीत त्याला काय बॅगेच्या रेक्झिनमध्ये गुंडाळायचं?

“तसं नाई, इहीनबाई,” देवाजी म्हणाला. तो खाली बसला. त्याने सतरंजीच्या दशा सारख्या केल्या.

“कौसल्येनं तवा समदं भरलं होतं. टोपडं, झबलं, समदं. अन् मी रोज मांगत होतो, पोरगा होऊ दे, असा होऊ दे, तसा होऊ दे. लय मांगितलं मी. मंग ते बॅग तशीच वापस आनली.” त्याने अंगणाकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. “आता जास्त मांगाची हिंमत नाई होत. माही पोरगी तेवढी वापस आली पायजे. लेकराचं मी मांगितलंच नाई.”

एवढं सलग तो कौसल्या गेल्यापासून कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याला लाज वाटली. आजोबा होणारा माणूस, आणि नातवासाठी ना बॅगेत जागा ठेवली ना मनात. आता ही बाई उठेल आणि पोरीला घेऊन जाईल, असं त्याला वाटलं, आणि ती गेली तर त्याला काही म्हणताही येणार नव्हतं.

कुसुमताई उठल्या नाहीत. त्यांनी पदराने नाक पुसलं.

“बराबर हाय तुमचं,” त्या म्हणाल्या. “तुमी तुमच्या लेकीले मांगा. लेकराचं मी मांगते. वाटून घेऊ.”

त्यांनी येताना आणलेलं आपलं गाठोडं सोडलं. त्यात बाळाचं सगळं होतं, तिन्ही पोरग्यांच्या अंगावरून धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्या ते बॅगेत कोंबायला लागल्या, तेव्हा मात्र देवाजीला राहवलं नाही. त्याने त्यांच्या हातून कपडे घेतले, सगळी बॅग पहिल्यापासून भरली आणि बाळाचे कपडे सगळ्यात वर ठेवले, कारण आधी तेच लागणार होते. वाडीचा विषय कुसुमताईंनी पुन्हा काढला नाही. रात्री त्या तिथेच राहिल्या आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी जयवंताला आत नेलं. जाताना तिने बापाकडे पाहून हसायचा प्रयत्न केला आणि ते तिला काही जमलं नाही. जावई खेपा घालत होता, कुसुमताई बाकावर बॅग मांडीशी धरून बसल्या होत्या. देवाजी दारासमोर उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नाही.

सिस्टर बाहेर आली, कपडे मागून आत गेली, आणि थोड्या वेळाने गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. मुलगी आहे म्हणाली. जावई एकदम रडायला लागला. कुसुमताईंनी नातीला घेतलं, तिचं तोंड पाहिलं आणि ती देवाजीपुढे धरली. देवाजीने नातीच्या डोक्यावरून सिस्टरकडे पाहिलं.

“अन् माही पोरगी?”

ठीक आहे, टाके घालणं चाललंय, आता आणतील, असं सिस्टर म्हणाली. ‘आता आणतील’ हे देवाजीने पूर्वी एकदा ऐकलेलं होतं. त्याने पुन्हा दाराकडे तोंड केलं. बाकावरची एक बाई हळूच म्हणाली की म्हाताऱ्याला नातू पाहिजे होता वाटते. कुसुमताईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती उठून पाणी प्यायला गेली.

जयवंताला स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. देवाजी वॉर्डात खाटेजवळ स्टुलावर बसला आणि तिच्या छातीवरची शाल वर-खाली होते का तेवढंच पाहत राहिला. कोणी चहा आणून दिला, तो निवून गेला. शेजारी कुसुमताई नातीला घेऊन बसल्या होत्या आणि तिला घ्या, पाहा, असं एका शब्दानेही म्हणत नव्हत्या. त्यांना कळत होतं.

ऊन खिडकीतून खाटेवर आलं तेव्हा जयवंताने डोळे उघडले, आणि मुलगी झाली हे कुसुमताईंकडून ऐकलं. ओठ कोरडे होते, आवाज कसाबसा निघाला.

“बाबा, पाहिलं का माह्या पोट्टीले?”

हो म्हणून टाकलं असतं तर चाललं असतं. देवाजीला लेकीशी खोटं बोलायची सवय नव्हती.

“नाई पाहिलं.”

“काहून?”

“तुई वाट पाहून राहिलो होतो.”

जयवंताने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि आपल्या बापाला एवढे दिवस काय होत होतं ते तिला कळलं.

“मी आली ना बाबा,” ती म्हणाली. “आता तिले पाहा.”

देवाजी उठला. सदऱ्याला हात पुसले आणि कुसुमताईंपुढे पसरले. कुसुमताईंनी पोर त्याच्या ओंजळीत दिली. तिने एक डोळा उघडला, त्याच्याकडे पाहिलं न पाहिलं आणि पुन्हा मिटला. त्याने तोंड तिच्या कानाजवळ नेलं.

“तुले मांगितलं नव्हतं वं माय मी,” तो म्हणाला. “मांगाले भेलो होतो.”

मग तो भर वॉर्डात मोठ्याने रडला, कौसल्या गेली तेव्हा रडला नव्हता तसा. जयवंताने पडल्या पडल्या त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि तो शांत होईपर्यंत सोडलं नाही.