बोगद्यात राहिलेला बिरू

गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला तेव्हा मी गमबूट चढवत होते. "मॅडम, जतहून एक आजी आल्यात. तुम्ही बोलावलंय म्हणतात."

मीच बोलावलं होतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका जलविद्युत केंद्रावर मी सिव्हिल इंजिनिअर आहे. धरण अरुंद दरीत आहे, दोन्ही अंगांना उभे कडे. धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून टर्बाइनवर येतं आणि वीज तयार होते. बोगदा कायम भरलेला असतो. काही वर्षांतून एकदा शटडाउन घेतात, म्हणजे मशीन थांबवून, गेट खाली सोडून बोगदा रिकामा करतात. मग आम्ही आत उतरून भिंती तपासतो.

गेटवरच्या या आजी, यल्लाक्का, आदल्या उन्हाळ्यात गावकऱ्यांबरोबर धरण बघायला आल्या होत्या. बाकीचे पाणी बघत होते. यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, माझा धाकला भाऊ बिरू. मेंढरं सोडून ह्या बोगद्याच्या कामावर आला. वरनं दरड आली. त्याला भाईर काढताच आलं न्हाई. ती जागा दावता का?"

"आत पाणी आहे, आजी. रिकामा झाला की कळवते."

शटडाउन ठरल्यावर साहेबांना विचारलं. ते "बघू" म्हणाले. मी यल्लाक्कांच्या मुलाला फोन केला.

आता साहेबांनी सरळ नकार दिला. "काल छताचं काँक्रीट सुटून पडलंय. बाहेरच्या माणसाला आत नेता येणार नाही."

"दहा मिनिटं, सर."

"मॅडम, त्यांच्या घरचा एक माणूस या बोगद्यात गेलाय. दुसरा नको."

त्यांचं बरोबर होतं. तेच मी गेटवर जाऊन सांगितलं. यल्लाक्का नवी इरकल नेसून आल्या होत्या.

"लय लांबनं आलो की, बाई."

"आये, ऱ्हाऊ दे. त्यांच्या हातात न्हाई," बरोबर आलेला मुलगा म्हणाला.

त्यांनी पदराची गाठ सोडली आणि बिरोबाचा भंडारा, देवाची हळद, माझ्या हातावर ठेवला. "जागा घावली तर लाव. गेला तवा त्याच्या कपाळाला कुनी लावला न्हाई."

आत सगळीकडे एकसारखं काँक्रीट. बॅटरी जिथं मारावी तिथं तीच ओली, करडी भिंत. दरड कुठं आली होती ते आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वेळची माणसं कधीच रिटायर झालेली. तपासणी संपत आली तशी मी एका ठिकाणी थांबले आणि भंडारा भिंतीला लावला. तो लगेच ओघळायला लागला.

"घावली का जागा?" गेटवर थांबलेल्या यल्लाक्कांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही. "नाही, आजी. भिंतीला लावला. पण तिथंच होता असं नाही सांगता येणार."

"आन पानी सोडल्यावर?"

"जाईल धुऊन."

"व्हय," त्या म्हणाल्या. मुलानं हात धरून त्यांना उठवलं. मी चहाचं विचारलं, तर एसटी चुकेल म्हणाल्या.

काम संपलं, गेट उचललं, बोगदा भरला, मशीन सुरू झालं. यल्लाक्कांचं वय बघता पुढच्या शटडाउनला त्या येतील असं वाटत नाही. आल्या तरी छताच्या धोक्यामुळे उत्तर तेच असेल.

आता कुणी आत यायचं विचारलं, तर मी आधी नाही म्हणते. जमलंच तर नंतर बोलावता येतं. एसटीनं आलेल्या माणसाला गेटवरून परत पाठवण्यापेक्षा ते बरं.