ज्ञानमुद्रा आणि तीन चहा

हसायचं तर आधीच हसून घ्या, कारण या गोष्टीत माझी बाजू घ्यावी असं एकही ठिकाण येणार नाही. मन शांत करायला बसलो आणि रक्तदाब वाढवून घेतला. रोज, नेमानं, महिनाभर!

माझी बायको सुनीता गेली त्याला दीड वर्ष होईल. पाठोपाठ माझी निवृत्ती. दुबईत अल कुसैसच्या दोन खोल्यांत मी एकटा. मुलगी केतकी दीड तासावरच्या अल ऐन शहरात असते. माझा व्हिसा आता तिच्या नावावर, त्यामुळे हुकूमही तिचाच.

"बाबा, बीपी बघितलंत? रोज वीस मिनिटं मेडिटेशन. महिन्यानं चेकअप. आकडा खाली आला नाही तर हे घर सोडायचं आणि माझ्याकडे राहायचं. फायनल!"

मला घर सोडायचं नव्हतं. ओट्यावर अजून सुनीताचे डबे आहेत, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले. मेथी, ओवा, साबुदाणा. ते उचलून कुठल्या फळीवर ठेवणार?

तर ध्यान. ॲपमधली बाई म्हणायची, अंगठा तर्जनीला लावा, बाकीची बोटं सरळ ठेवा आणि फक्त ऐका. मी ऐकायचो. आधी फ्रिजचा आवाज यायचा, तो थांबला की घरात कुणाचाच नाही. कसली शांती? चार दिवसांत कंटाळलो.

मग गाडी सुचली. थंडगार एसी, काचा बंद. पण आमच्या गल्लीत सकाळची सावली एकाच जागी, कॅफेटेरियासमोरच्या कडुनिंबाखाली. तिथंच गाडी लावली, हात स्टीअरिंगवर ठेवला, बोटं जुळवली आणि डोळे मिटले.

इथली पद्धत सांगतो. कॅफेटेरियासमोर थांबलं की गाडीतून कुणी उतरत नाही. काचेआडून बोटं दाखवायची आणि चहा गाडीपाशी येतो. सुनीता आणि मी वर्षानुवर्षं तसाच घ्यायचो.

पाच मिनिटांत काचेवर टकटक. हमजा! केरळचा, आमचा जुना चहावाला. हातात तीन कप.

"सर! कितने दिन बाद! ये लो. एक विदाउट शुगर, मॅडम का."

ती गेल्यापासून मी तिकडे फिरकलोच नव्हतो. त्याला कसं कळणार? सांगायचं सोडून "शुक्रिया" म्हणालो आणि तिन्ही कप घेतले. टाकून कसे द्यायचे? टाकलेलं तिला खपायचं नाही. प्यायलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, जुन्या गिऱ्हाइकाचं कौतुक चाललंय. नको म्हणावं तर मॅडमचा विषय निघणार. त्यापेक्षा चहा परवडला!

महिना भरला. डॉक्टरांनी बीपी दोनदा मोजलं.

"पहिल्यापेक्षा जास्त आहे. साखरही वाढलीय. करता काय तुम्ही?"

"ध्यान."

"आणि चहा?"

"तो ध्यानाच्या वेळीच."

सोबत आलेल्या केतकीनं मान वळवली. "बाबा, किती?"

"तीन. एक बिनसाखरेचा आहे त्यात."

तिनं सरळ मला कडुनिंबाखाली नेलं. "दाखवा कसे बसता." बसलो. बोटं जुळवली, डोळे मिटले. टकटक! तीन कप.

"हमजाभाई, तीन किसने बोला?"

"सर ने. रोज बोलते हैं. आँख बंद, मुँह बंद, तीन उंगली!"

केतकीनं माझ्या ज्ञानमुद्रेकडे पाहिलं. तीन बोटं, ताठ उभी. "ओ गॉड, बाबा!" ती पोट धरून हसायला लागली. हसता हसता तिनं तो वेगळा ठेवलेला कप पाहिला.

"ये किसका?"

"मॅडम का."

तिचं हसू थांबलं. "हमजाभाई, आई तो..."

"मालूम है, बेटी." हमजानं खाली पाहिलं. "सर आए, उसके दूसरे दिनही बिल्डिंग के वॉचमनने बोला. पर सर रोज तीन बोलते थे. मैंने सोचा, सर को ऐसाही चाहिए."

बघा म्हणजे! महिनाभर तो माझं मन जपत होता, मी त्याचं, आणि साखर माझ्या रक्तात साठत होती.

केतकीनं डोळे पुसले. "अजून एक महिना देते, बाबा. पण मूठ मिटून बसायचं."

दुसऱ्या दिवशी मूठ घट्ट मिटून बसलो. पुन्हा टकटक! हमजा, रिकाम्या हातानं, चेहरा पडलेला. माझ्या मुठीकडे बघत काचेपलीकडून विचारत होता, "सर, नाराज हो?"

छे छे, काही नाही, म्हणून मी घाईघाईनं पंजा हलवला.

त्याचा चेहरा खुलला. पाच मिनिटांत पाच चहा आले. त्यातला एक बिनसाखरेचा.