सगळ्यांच्या आधी बघणारा साडू

टीव्हीवरची एक हसायची मालिका बघायला माझा साडू जेवढे कष्ट घेतो, त्याच्या निम्मे जरी ती मालिका काढणाऱ्यांनी घेतले असते, तर आज ही वेळ आली नसती. हे मी नात्यातला म्हणून बोलत नाही. चाळीस वर्षं मी सौदीतल्या कतीफमध्ये थोब शिवले, म्हणजे अरब घालतात ते पायघोळ पांढरे झगे, आणि माप घेतल्याशिवाय कुणाबद्दल बोलायची मला सवय नाही. माझं शिक्षण चौथी नापास, साडूचं चौथी पास. या एका इयत्तेचा त्याला एवढा माज, की काही वाद निघाला की म्हणतो, "साडू, ते तुला कळायचं नाही, त्याला पाचवीत बसायला लागतं." पाचवीत तो बसला गणपतीच्या सुट्टीपर्यंत. सुट्टी संपली ती त्याची अजून संपलेली नाही. आम्ही दोघे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एकाच घरचे जावई. मी आधी इकडे आलो, मग तो आला. मी दुकानात मशीनवर बसलो आणि तो मासळी बाजारामागच्या बर्फाच्या कारखान्यात लागला. तीस वर्षं लाद्या ओढल्या. मुलगा नोकरीला लागल्यावर त्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, बापाची सोय झाली आणि साडू घरी बसला. घरी बसला म्हणजे टीव्हीसमोर बसला, आणि तिथे त्याने बर्फाच्या कारखान्यापेक्षा जास्त काम काढलं.

त्याचा नियम एकच. जी गोष्ट सुनेशेजारी बसून बघता येत नाही, ती गोष्ट टीव्हीवर दाखवू नये. पूर्वी असं नव्हतं म्हणतो, आणि ते मलाही आठवतं. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की माझं बिऱ्हाड आणि त्याचं बिऱ्हाड त्याच्याकडे जमायचं. एका थाळ्यात भात, वर सुरमई, आणि जेवण झालं की चटईवरून न उठता तिथेच मागे तक्क्याला टेकायचं. तेव्हा एक मालिका लागायची. चार बिऱ्हाडं, एक जिना, एक टकले काका, आणि त्या काकांचं दर आठवड्याला काहीतरी हरवायचं. कधी छत्री, कधी कवळी, एकदा बायको. ते शोधण्यात अर्धा तास जायचा आणि आम्ही लहानथोर एका वेळी हसायचो. साडू पडद्याकडे कमी आणि आमच्याकडे जास्त बघायचा. कुणी हसलं नाही तर "कळलं नाही काय?" म्हणून विचारायचा आणि समजावून सांगायचा. समजावल्यावर मात्र कुणालाच हसू यायचं नाही.

मग ती मालिका बंद पडली आणि दुसऱ्या आल्या. दुसऱ्यांत चावटपणा आला. साडूने काय करावं? बाकीचे लोक टीव्ही बंद करतात, नाहीतर बघून न बघितल्यासारखं करतात. हा पडला पाचवीत बसलेला. त्याने पद्धत काढली. आठवडाभर रोज संध्याकाळी आतल्या खोलीत, दार लावून, जुन्या छोट्या टीव्हीवर सगळे भाग आधी एकटा बघायचा. कुठे काय वाईट आहे ते चिठ्ठीवर लिहायचा. शुक्रवारी तेच भाग पुन्हा लागायचे आणि सगळे बघायला बसायचे. चिठ्ठी थोबाच्या खिशात. ती वेळ जवळ आली की साडू खोकायचा, आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं की रिमोटवर बोट दाबायचा. पडद्यावर उंटांची शर्यत. दोन मिनिटं उंट पळायचे, मग परत मालिका. त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, मला म्हणाली, "दुल्हेभाई, सगळ्या घराच्या वाट्याचा चावटपणा हे एकटे आत बसून बघतात आणि बाहेर येऊन आम्हाला सभ्यपणा शिकवतात." साडूने ऐकलं. म्हणाला, "विहिरीत आधी कोणीतरी उतरायलाच लागतं. पाणी खराब आहे की नाही ते वरून कळत नाही." मी म्हटलं, "अरे, पण तू आठवडाभर विहिरीतच असतोस." तो माझ्याशी पुढच्या जुम्म्यापर्यंत बोलला नाही.

या पद्धतीत एकच खोट होती, आणि ती त्याला सोडून सगळ्यांना माहीत होती. तो खोकला की पुढे काय येणार ते घराला कळायचं. नात तेव्हा सातवीत. ती मान वळवून भिंतीकडे बघायची ती इतक्या शहाण्यासारखी, की मला तेव्हाच समजलं, हिने हे मोबाईलवर कालच बघितलंय. एकदा साडूच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. खिशात मागच्या आठवड्याची चिठ्ठी. पडद्यावर एक म्हातारी चुलीपाशी बसून भाकरी थापत होती, आणि हा खोकला. दणकून खोकला आणि उंट लावले. परत आलो तर म्हातारी भाकरी भाजत होती. पुन्हा खोकला, पुन्हा उंट. घरात दोन दिवस शांतता नव्हती. सून माझ्या बायकोला फोनवर विचारत होती, "खाला, त्या भाकरीत वाईट काय होतं हो?" माझी बायको म्हणाली, "काहीतरी असेल बाई, त्यांनी आधी बघितलंय." मुलगा म्हणाला, जाऊ दे, अब्बांना कळतं. खरं सांगतो, मीसुद्धा त्या भाकरीचा पुष्कळ विचार केला.

पुढे पुढे खोकला पुरेना. आधी महिन्यातून एकदा लागायचा, मग एका भागात चार वेळा. त्याने जोडीला पाणी मागणं काढलं, खजुराची वाटी सांडणं काढलं, बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया कसा फुटला ती हकीकत काढली. ती हकीकत आम्ही तुकड्यातुकड्यांनी एवढ्या वेळा ऐकली की अमोनिया कुठल्या मालिकेत फुटला ते आता आठवत नाही. एका शुक्रवारी उंटांचाही चॅनेल लागेना. तेव्हा साडू उठला आणि टीव्हीच्या पुढ्यात पाठ करून उभा राहिला. म्हटलं, बसेल. बसला नाही. अख्खा अर्धा तास उभा. आम्ही त्याची पाठ बघत होतो आणि मागून कॅसेटवरचं हसू ऐकत होतो. त्या भरलेल्या हशाचा त्याला मुळातच राग. "कधी हसायचं ते मला हे सांगणार?" म्हणायचा आणि टीव्हीला दरडावायचा, "थांबा जरा, मला अजून आलेलं नाही!" त्या दिवशी तो हशा पाठीमागे चालला होता आणि साडू पुढे घामाघूम उभा होता, ते बघून पहिल्यांदा नात फुटली, मग सून, मग मीही. सगळे एकदम हसलो. साडूला ते लागलं. त्याला हवं होतं टकल्या काकांसारख्या कुणावर तरी हसणं, आणि हसू आलं त्याच्यावर. त्यानंतर शुक्रवारची बैठक अशी मोडली नाही, पण विरली. जेवण झालं की एकेक जण मोबाईल उचलून आपापल्या कोपऱ्यात. कानात बोंडं. आत एक हसायचा, बाहेर एक हसायची, आणि हा मध्ये रिमोट घेऊन. मला म्हणाला, "साडू, वेडे लोक असे एकेकटे हसतात." उमऱ्याला मक्क्याला गेला तेव्हा सगळ्यांसाठी दुआ मागून झाल्यावर एक चांगली मालिका पण मागून आला. मेहुणीने डोक्याला हात लावला. "तिथे जाऊन हे मागितलंत?" साडू म्हणाला, "तुझ्या गुडघ्यानंतर मागितलं. आधी गुडघाच मागितला."

मागच्या हिवाळ्यात मुलाच्या कंपनीने माणसं कमी केली. त्यात मुलाची नोकरी गेली. इकामा संपला की फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत. मुलगा आणि सून मुंबईला, नात पुण्याला होस्टेलवर, साडू आणि मेहुणी गावाला. एका चटईवरचं घर तीन ठिकाणी. साडू माझ्याकडे आला, गहवा म्हणजे अरबी कॉफी प्यायला, आणि रडला-बिडला नाही. बोटं मोजली. "तीन शुक्रवार आहेत," म्हणाला. "मला दुसरं काही नको. जायच्या आधी एकदा सगळ्यांनी एका जागी बसून एका वेळी हसलं पाहिजे. टीव्ही बघून. माझ्याकडे बघून नव्हे." मी म्हटलं, "एवढंच ना?" तो म्हणाला, "एवढंच करून दाखव."

पहिल्या शुक्रवारी त्याने एक नवीन मालिका निवडली. पहिल्या तीन मिनिटांतलं वाईट लिहितानाच चिठ्ठी भरली, मालिका उरली. टीव्ही बंद केला. दुसऱ्या शुक्रवारी नातीने युक्ती सांगितली. टकल्या काकांचे जुने भाग कुणीतरी इंटरनेटवर टाकले होते. साडू एवढा खूश, की या वेळी आधी बघायलासुद्धा बसला नाही. "त्यात बघायचं काय? ते आपलंच आहे." सगळे बसले. काका आले, छत्री हरवली. मग वरच्या मजल्यावरची काळीसावळी मुलगी आली, आणि काका म्हणाले, हिला अंधारात शोधायला कंदील लागेल. मागचं भरलेलं हसू आलं. साडूही हसला, मीही हसलो. आणि नात खोकली.

जोरात नाही. पण खोकली, आणि आजोबाच्या हातातला रिमोट काढून घेतला.

"काय झालं?" साडू म्हणाला. "यात घाणेरडं काय आहे?"

"दादा, उस लडकी को कैसा लगता होगा? इट्स नॉट फनी."

नात रंगाने आजीवर गेलीय. हे आम्ही कुणी कधी बोललो नाही आणि तेव्हाही बोललो नाही. साडू रिकाम्या हाताकडे बघत बसला. नंतर जिन्यात मला म्हणाला, "साडू, ही मालिका आपण पाच वर्षं बघितली. मी एकदा पण खोकलो नाही." मी म्हटलं, "तेव्हा चालायचं." तो म्हणाला, "कुणाला चालायचं?" याचं उत्तर मला चौथीत शिकवलं नव्हतं. त्यालाही पाचवीत नाही.

तिसऱ्या शुक्रवारी घरात खोकी. गाद्या दोरीने बांधलेल्या. टीव्हीसुद्धा शेजारच्या केरळी माणसाला देऊन टाकलेला, तो दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजीनंतर न्यायला येणार. जेवण झाल्यावर नात म्हणाली, "दादा, आज मैं लगाऊंगी. पूरा देखा है, चार दिन लगे. कुछ नहीं है. आप बस बैठो." कुठल्यातरी दूरच्या मुलखातली, एका बेकरीवाल्या म्हाताऱ्याच्या घरची मालिका, हिंदीत बोलणारी. साडू म्हणाला, "चिठ्ठी?" ती म्हणाली, "जरूरत नहीं." त्याने रिमोट खाली ठेवला. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच पुढे काय येणार ते माहीत नसताना टीव्हीसमोर बसला होता. तक्क्याला टेकला. पाय लांब केले. आणि पहारा उतरलेला शिपाई झोपतो तसा पाच मिनिटांत झोपला.

मेहुणी त्याला हलवणार होती. नातीने तिचा हात धरला. आवाज कमी केला आणि सगळे ऐकू यावं म्हणून टीव्हीच्या जवळ सरकले, म्हणजे त्याच्याभोवतीच सरकले. मोबाईल कुणी काढला नाही, कारण मोबाईल खोक्यावर होते आणि उठलं तर तो जागा झाला असता. केरळी शेजारी आला, दारात चपला हातात घेऊन उभा राहिला आणि बघत बघत तिथेच खाली बसला. काहीतरी गंमत झाली. सुनेने ओढणी तोंडात कोंबली. मुलाचे खांदे गदगदायला लागले. मेहुणीने गुडघा घट्ट धरला, नातीच्या डोळ्यांतून पाणी. आवाज नाही, पण सगळे एका वेळी. मी उठवलं नाही. हसू थांबलं असतं म्हणून उठवलं नाही, आणि ते बरोबर केलं असं माझं आजही म्हणणं आहे.

साडूचं तसं नाही. आता तो गावाहून दर शुक्रवारी फोन करतो, आणि राग अजून गेलेला नाही. "उठवायचं होतंस."

"उठवलं असतं तर तू बघितलं असतंस. त्यांनी नसतं."

मग विचारतो, "आधी कोण हसलं?"

"तुझी सून."

"आणि मुलगा?"

"तोही. तिच्या बरोबरच."

"एकदम?"

"एकदम."

हे तो दर वेळी विचारतो आणि मी दर वेळी सांगतो. ओढणी सांगतो, खांदे सांगतो, त्याच्या बायकोने धरलेला गुडघा सांगतो, दारातला केरळी सांगतो. तो पलीकडून हसतो. मग म्हणतो, "आता हे सांग, ते हसले कशाला? टीव्हीत झालं काय?"

तिथे मी अडतो. कधी म्हणतो म्हातारा पिठात पडला, कधी म्हणतो पाव जळला. पाचवीत बसलेला माणूस, त्याला खोटं लगेच कळतं. पण खरं सांगायला मला ते माहीत पाहिजे ना. त्या वेळी मी टीव्हीकडे बघतच नव्हतो.