खडूने आखलेली डिस्क

काळेवाडीत माझं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं छोटं दुकान आहे. लॅपटॉप इतका रखडायचा की एक डिझाइन उघडेपर्यंत चहा गार. विंडोज काढून लिनक्स टाकलं की जुने लॅपटॉपही पळतात आणि नक्षी काढायचं सॉफ्टवेअरही त्यावर चालतं, हे एका व्हिडिओत पाहिलं आणि मला दम धरवेना. भीती एकच. डी ड्राइव्हमध्ये माझी सगळी डिझाइन्स होती, कुठून उतरवलेली नव्हेत, एकेक टाका मी स्वतः बसवून केलेली. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

म्हणून आधी नीट आखायचं ठरवलं. कापडाच्या टेबलावर खडूने डिस्कची लांब पट्टी काढली. उजवीकडे डी, त्यावर भली मोठी फुली, इथे कात्री लावायची नाही. डावीकडचा सी मोकळा करून त्याचे दोन तुकडे, एक लिनक्सला राहायला, एक माझ्या रोजच्या कामाला. आखणी बघून मी स्वतःवरच खूश झाले. अपुऱ्या ब्लाउजपीसमधून लांब बाह्या काढण्यापेक्षा हे सोपं होतं!

लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह लावून सुरुवात केली. पडद्यावर पट्टी अगदी माझ्या आखणीसारखीच, फक्त सीच्या शेजारी एक चिमुकला तुकडा जास्तीचा. एवढ्या डिस्कपुढे चिंधीच ती. आमच्या धंद्यात चिंधी वाया घालवत नाहीत, तिचा काठाला गोट तरी होतो. मी ती पुसली आणि शेजारच्या तुकड्यात जोडून टाकली. कसलीशी सूचना आली, पण थांबतंय कोण? दाबलं पुढे.

सगळं संपल्यावर पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू केला, तर काळा पडदा. पुन्हा केला, पुन्हा काळा.

तेवढ्यात आमचे हे चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आले. "आगं, ह्ये काय करून ठिवलंस?"

"अहो, ओरडू नका. माझी डिझाइन्स गेली बहुतेक."

ते खुर्ची ओढून शेजारी बसले. मी मोबाइलवर शोधत सुटले आणि सापडलं! लॅपटॉप सुरू होतो तोच मुळी त्या चिंधीतून. मी तीच उसवली होती.

"मंग डी ला काय झालंय?"

मी पेनड्राइव्ह परत लावला, त्याच्यावरूनच लॅपटॉप सुरू केला आणि डी उघडला. फोल्डर होता. आत सगळं होतं! मी अशी किंचाळले की शेजारचे मोबाइलवाले चाचा धावत आले. त्यांना वाटलं, सुई बोटात गेली.

मग आधी डिझाइन्सची प्रत ह्यांच्या पेनड्राइव्हवर घेतली. टेबलावरची पट्टी पुसून नवी आखली, चिमुकल्या तुकड्याला मानाची जागा दिली आणि लिनक्स पुन्हा बसवलं. ह्या वेळी लॅपटॉप झटक्यात सुरू झाला.

पहिलं डिझाइन उघडलं ते शिकत असताना काढलेल्या राघूचं. चोच वाकडी, एक पंख आखूड. लाजेने तो मी कधी कुणाला दाखवला नव्हता. त्या संध्याकाळी तो मला इतका देखणा दिसला, की गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून मी त्याला माझ्याच ब्लाउजच्या पाठीवर भरायला घेतला.