फोटो जाईपर्यंत

क्षयरोगाच्या तपासणीसाठी गावोगावी फिरून छातीचे एक्स-रे काढणं हे माझं काम. हातात धरता येईल असं मशीन, लॅपटॉप, मोबाईल आणि गाडी चालवणारे भाऊ, एवढाच आमचा फिरता दवाखाना. फोटो चंद्रपूरच्या डॉक्टरांना पाठवायचा, ते बघून सांगतात. भामरागडच्या पुढे पाठवणंच अवघड. रेंज येईल तिथवर जावं लागतं.

मोहफुलांचे दिवस होते. सकाळीच एका गावात पोचलो. रांगेतला एक तरुण भिंतीला टेकून उभा होता. दोन शब्द बोलला की श्वास घ्यायला थांबायचा.

"कालपासून दम लागून राह्यला," तो म्हणाला. "फोटो काढा लवकर. मोहं वेचाले जाचं हाय."

स्क्रीनवर त्याची उजवी बाजू काळीशार होती आणि फुप्फुस आकसून एका कडेला गेलेलं. असं चित्र मी फक्त शिकताना पाहिलं होतं. मी त्याला आणि त्याच्या बायकोला म्हटलं, आत्ताच दवाखान्यात चला.

"तुमी डॉक्टर हा का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मंग डॉक्टरले सांगू द्या. वेचनीचे दिवस हायेत, बाई."

त्याला बसवून ठेवा, हलू देऊ नका, एवढं सांगून मी आणि भाऊ निघालो. गावामागच्या टेकडीवर एका खडकापाशी रेंज येते, असं लोक म्हणाले. भाऊंनी काठी घेतली आणि वाटभर ती झाडांवर आपटत राहिले. कशासाठी, ते मी विचारलं नाही. मोहाखाली अस्वलं येतात, हे मलाही ठाऊक होतं.

खडकावर एक दांडी आली. फोटो टाकला. चक्र फिरू लागलं, थांबलं, पुन्हा फिरू लागलं. मी हात उंच धरून उभी होते. जरा सरकले की दांडी जायची.

"बाई," भाऊ हळूच म्हणाले, "हलू नका."

खालच्या मोहाजवळ काळं काहीतरी वाकून फुलं खात होतं. पाठीवर पिल्लू. मधे फक्त उतार आणि थोडी झुडपं. पिल्लावाली अस्वलीण अंगावर येते, नखांनी चेहरा फाडते, हे लहानपणापासून ऐकलेलं. पळावंसं वाटत होतं आणि चक्र अजून फिरत होतं. आपण इथेच पडलो तर त्या माणसाला कोण सांगणार, हाही विचार आला, पण खरं सांगायचं तर आधी स्वतःचाच आला.

फोटो गेला. आणि फोन खणखणून वाजला.

अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली. मी हात तसाच उंच ठेवून स्पीकर लावला. "हॅलो? ऐकू येतंय का?" डॉक्टर ओरडत होते. "फुप्फुस बसलंय त्याचं! चालवू नका, लगेच दवाखान्यात न्या. मी तिथं कळवतो!"

तिनं आमच्याकडे नाक उचललं, एकदा फुत्कारली आणि पिल्लासकट झुडपांत शिरली. नेमकी कुठल्या बाजूला गेली, ते दिसलं नाही. उतरताना मला ती प्रत्येक झुडपामागे दिसत होती.

डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर दोघं गाडीत बसली. प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून त्याची छाती हलते का ते बघायची. त्याचे ओठ निळे पडत चालले होते. दवाखान्यात छातीत नळी घातली, फुप्फुसाबाहेर साचलेली हवा निघाली, आणि थोड्या वेळानं तो सलग एक वाक्य बोलला. पाणी मागितलं त्यानं.

बायको पायरीवर येऊन बसली. "घरी सासू एकलीच हाय," ती म्हणाली. "तिले सांगा ना फोनवर, पोरगा वाचला म्हनून."

माझ्या फोनवर पूर्ण रेंज होती. पण त्या गावात फोन लागणार कुठे?

भाऊंनी गाडीची किल्ली उचलली.