वाकड्या ओळींचा मळा

मला लिहायची सवय नाही. घरची पत्रंही बायकोच लिहिते. पण टेलरबाईबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि तिच्या मळ्याची मुळापासूनची हकीकत माहीत असलेला माणूस मीच आहे. दुर्दैवानं.

बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्या खोऱ्यात पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिथे वाइनचे जेमतेम दोन कारखाने होते आणि उतरायला टेलरबाईच्या घरातली माडीवरची खोली. खाली तिचं शिलाई मशीन दिवसभर चालायचं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, वाट्याला आलेला एक दगडाळ उतार. तिथे तिला द्राक्षं लावायची होती. मी जमीनमोजणीत आयुष्य काढलेला माणूस. ती म्हणाली, "काका, तेवढ्या ओळी उत्तर-दक्षिण आखून द्या ना, दोन्ही अंगांना सारखं ऊन लागेल." मी फुशारून दोन दिवस दोऱ्या ताणल्या, खुंट्या ठोकल्या.

परतताना बसमध्ये लक्षात आलं, की कंपास मी तारेच्या भेंडोळ्यांशेजारी ठेवला होता. लोखंडाजवळ कंपास ठेवू नये, हे मी तीस वर्षं नवशिक्यांना बजावत आलो. सुई ओढली गेली असणार. म्हणजे सगळा मळा तिरका. आज कळवू, उद्या कळवू करत बारा वर्षं गेली.

यंदा तिचं पत्र आलं. गावची वाइन सोसायटी पहिल्यांदाच एका मळ्याची वाइन वेगळी भरणार होती, बाटलीवर त्या मळ्याचं नाव घालून. बाकी सगळ्यांची नेहमीसारखी एका टाकीत. "दिरांना माझ्या उतारावर पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. यंदा माझी निवड झाली नाही तर जमीन तुमची, असा शब्द दिलाय मी त्यांना. ओळी तुम्ही आखल्यात, तेव्हा निकालाला तुम्ही दोघं हवेत."

"एरंडेल प्याल्यासारखा चेहरा का झालाय?" बसमध्ये बायकोनं विचारलं. मी सगळं सांगून टाकलं.

"बारा वर्षं मूग गिळून बसलात?"

"ती काय म्हणेल गं?"

"म्हणेल ते ऐकायचं. पोचल्या पोचल्या सांगा. मी सांगितलं तर मीठमिरची लावून सांगेन."

खोरं ओळखू येत नव्हतं. जिकडेतिकडे पाट्या, हॉटेलं, आणि डोंगरभर फणीनं विंचरल्यासारख्या सरळ ओळी. त्यात एकच उतार असा, की जणू घाईत कुणी चादर तिरकी अंथरली आहे.

मळ्यात उभं राहून मी कबुली दिली. टेलरबाई हसत सुटली.

"काका, मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं! गावानं वाकडीवहिनी नाव ठेवलं मला. दीर म्हणाले, उपटून टाका. मी म्हटलं, कापड तिरकं कापलं गेलं म्हणून कुणी फेकतं का? तिरक्या कापडाचा झगा अंगावर जास्त छान बसतो. फक्त शिवायचा तसा शिवावा लागतो."

मग तिनं दाखवलं. भर दुपारचं ऊन तिच्या तिरक्या ओळींमधून सरळ निघून जात होतं, घडांवर येतच नव्हतं. हे तिनं पहिलं वर्षभर नुसतं बघितलं होतं. मग दर उन्हाळ्यात तीन आठवडे ती एकटी, शिवणाची कात्री घेऊन, फक्त सकाळच्या बाजूची पानं काढायची, घडांना कोवळं ऊन मिळावं म्हणून. दुपारच्या बाजूचा पडदा तसाच. शेजारी मशीननं दोन्ही बाजू भादरायचे, आणि गेल्या दोन कडक उन्हाळ्यांत त्यांचे घड एका अंगानं भाजले होते.

"म्हणजे माझ्या चुकीमुळेच..." मी जरा सावरत म्हणालो.

"चूक तुमची, शहाणपण माझं. अदलाबदल करायची नाही हं, काका!"

बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या शेडमध्ये भिंतीला लागून नऊ पिंपं होती, प्रत्येकावर खडूचा आकडा. कुठलं कुणाचं, ते फक्त अध्यक्षांच्या पाकिटात. दीर पहिल्या रांगेत मोजपट्टी खिशात घालूनच बसले होते. बाहेरून आलेले तीन परीक्षक वास घ्यायचे, घोट तोंडात घोळवायचे आणि बादलीत थुंकायचे. चार नंबर की सात, यावर दोघांची जुंपली. तिसरी, पांढऱ्या केसांची बाई, सात नंबरकडे तीनदा गेली. तिसऱ्यांदा तिनं थुंकलंच नाही. गिळलं.

बायकोनं माझा दंड असा आवळला की वळ उठला.

अध्यक्षांनी पाकीट फोडलं. "सात नंबर. टेलरबाईंचा उतार."

शेडचे पत्रे थरथरतील असा गलका झाला. ज्यांनी नाव ठेवलं होतं तेच आता 'वाकडीवहिनी, वाकडीवहिनी' ओरडत होते. मी आयुष्यात कधी चारचौघांत ओरडलो नाही. त्या दिवशी ओरडलो.

दीर उठून आले. "वहिनी, जिंकलात. मग माझ्या खोल्यांचं काय?"

"बांधा की, भाऊजी! रस्त्यापलीकडे, तुमच्याच जागेत. खिडक्या मात्र माझ्या मळ्याकडे ठेवा. लोक आता तेच बघायला येणार आहेत."

आणि सगळ्यांना तिथेच हसतं सोडून ती पिंपापाशी गेली. ओल्या फडक्यानं सातचा आकडा पुसला, अध्यक्षांच्या हातातून खडू घेतला आणि पिंपाच्या या काठापासून त्या काठापर्यंत गावानं ठेवलेलं आपलं नाव लिहिलं: वाकडीवहिनी.