एका वाक्याचा अर्ज

भिवंडीत कचेरीसमोर, पत्र्याच्या शेडखाली एक टायपिस्ट टाइपरायटर घेऊन बसत. बाकीचे टायपिस्ट सांगाल ते टाइप करायचे. हे करायचे नाहीत. नोकरीचा अर्ज असेल, तर काम कोणतं हवं ते एका वाक्यात ऐकल्याशिवाय मशीनला कागदच लावायचे नाहीत. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचे.

अकरावी झाल्यावर मी गेलो.

“कोणतंही काम चालेल,” मी म्हटलं.

“लूम चालवशील?”

“नको. घरात दोघं लूमवरच आहेत.”

“मग कोणतंही चालत न्हाय ना! जा, बाजार फिरून ये.”

माणूस खडूस आहे, असं मनात म्हणत मी निघालो. एका गोदामात टेबलावर कापडाचा तागा उलगडून कोणीतरी विणीतली खोट शोधत होता. त्याच्या नजरेतून सुटलेला तुटका धागा मला दारातूनच दिसला. लहानपणापासून बाबांनी लूमवर विणलेलं कापड बघत आलो होतो.

परत येऊन म्हणालो, “मला ताग्यातली खोट लांबून दिसते. कापड तपासायचं काम हवंय.”

मांडीखालचे हात बाहेर आले. तेच वाक्य त्यांनी अर्जात सगळ्यात वर घेतलं.

महिन्याभरात मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी ओळखलं नाही. नाव सांगितलं, तरी मान हलवली. मग मी माझं वाक्य म्हणून दाखवलं.

“हां, तू हाय होय!” म्हणत त्यांनी पेढा उचलला.